सहाशे चाळीस वाक्यं

उमेळे, वसई
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय जयवंती,

कागदावरचं पत्र बघून दचकू नकोस. फोन करता आला असता, पण आमचं घर तुला ठाऊक आहे. स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी बाहेरच्या खोलीत ऐकू जातं. मेसेज लिहावा तर मोबाईल दिवसभर ऑस्टिनच्या हातात असतो. काय हवं-नको ते तो त्यावरच लिहून दाखवतो. शिवाय त्याच्यासमोर फोनवर बोलायची मला लाज वाटते. उपाशी माणसासमोर आपण ताट घेऊन बसावं तसं होतं.

ऑपरेशनला आज अठ्ठावीस दिवस झाले. स्वरयंत्र सगळं काढलं. गाठ पूर्ण निघाली असं डॉक्टर म्हणतात. गळ्याला पुढून भोक आहे, श्वास तिथूनच. नाकातली नळी गेल्या आठवड्यात काढली, आता पेज आणि मऊ भात चालतो. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र दिलं आहे. त्याने ते एकदाच लावलं. भुंगा अडकल्यासारखा आवाज आला. लगेच खोक्यात घालून ठेवलं आणि मोबाईलवर लिहिलं, 'माझा आवाज येईल तेव्हाच बोलेन.'

त्याचा आवाज म्हणजे तू डिसेंबरात भरून घेतलेला. विरारच्या चंदनसारला, तू कुडाळला जायची म्हणून अर्ध्या रिकाम्या झालेल्या तुझ्या फ्लॅटमध्ये, पंखासुद्धा बंद करून, तेवीस दिवस. सहाशे चाळीस वाक्यं. पुण्याच्या संस्थेतला तो प्रितेश आता त्या फायली मागतो आहे. त्या मिळाल्या की त्याचं काम सुरू होईल, मग ऑस्टिनने टॅबवर लिहायचं आणि टॅबने त्याच्या आवाजात बोलायचं.

त्यातल्या काही फायली उघडत नाहीत असं वाटतं. तुझ्या कॉम्प्युटरवर मूळ असतीलच. पुन्हा एकदा पाठवशील का? फार घाई नाही.

तुझी,
मेरी


कुडाळ
२७ फेब्रुवारी २०२५

प्रिय मेरी,

तुझं पत्र वाचून आधी देवापुढे दिवा लावला. गाठ निघाली, हे सगळ्यात मोठं. भाऊजींना म्हणावं, भोकाशी रुमाल धरायची सवय होईल, वीजमंडळात खांबावर चढायची झाली तशीच.

फायलींची काळजी करू नकोस. माझा कॉम्प्युटर इथे माळ्यावर खोक्यात आहे. दादाच्या घरात गिलाव्याचं काम चाललं आहे, ते संपलं की खोका खाली काढते.

तोवर तू एक कर. मी तुला पेनड्राइव्हवर सगळ्या फायलींची एक झिप बांधून दिली होती. ती उघडताना काय केलंस ते आठवून लिही. झिपवर दोनदा टिचकी मारली की ती खिडकीत डावीकडे वेगळ्या डिस्कसारखी दिसायला लागते. आतली सगळी नावं दिसतात. आपल्याला वाटतं, उघडली. पण माल अजून झिपमध्येच बांधलेला असतो. तिथून ओढून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकलं तर कधी कधी नाव येतं आणि माल मागे राहतो. त्यापेक्षा झिपवर उजवी टिचकी मारून ती सरळ सोडवून घ्यायची असते. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. निघायच्या गडबडीत राहिलं.

आता कुठल्याही एका फाईलवर उजवी टिचकी मार, 'गुणधर्म' उघड, आणि आकारापुढे कोणता आकडा आहे तो मला कळव. आणि पेनड्राइव्हवरची झिप आहे तशी राहू दे. तिला हात लावू नकोस.

तुझी,
जयवंती


उमेळे
१६ मार्च २०२५

प्रिय जयवंती,

आकारापुढे शून्य आहे.

एका फाईलच्या नाही, सगळ्यांच्या. ऑस्टिन दुपारी झोपतो तेव्हा रोज थोड्या थोड्या बघितल्या. 'काही उघडत नाहीत' असं मी लिहिलं ते खोटं होतं. एकही उघडत नाही. मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण कागदावर लिहायला हात धजला नाही.

तू म्हणतेस तसंच मी केलं होतं. दोनदा टिचकी मारली, डावीकडे डिस्क आली, सगळं निवडलं आणि ओढून आमच्या कॉम्प्युटरवर नवीन फोल्डरमध्ये टाकलं. हिरवी पट्टी सरकली. नावं मोजली, सहाशे चाळीस भरली. तो आठ जानेवारीचा दिवस. स्कॅनला जायचं होतं आणि हॉस्पिटलने रिकामा पेनड्राइव्ह आणायला सांगितलं होतं. घरात तो एकच. मी झिप पुसली. आता त्यावर ऑस्टिनच्या गळ्याची चित्रं आहेत.

नावं मात्र सगळी आहेत गं. तू प्रत्येक फाईलला त्यातलं वाक्यच नाव म्हणून दिलंस ना. एकाखाली एक दिसतात. 'मेरी, पाणी दे.' 'माझा चष्मा कुठे ठेवलास?' 'जोएलला कळव, मी बरा आहे.' 'आज मिस्साला चर्चपर्यंत मी चालतच जाणार.' नावावर टिचकी मारली की वाजवायची खिडकी उघडते, शून्य मिनिटं शून्य सेकंद असं दाखवते आणि बंद होते.

ऑस्टिनला काही सांगितलेलं नाही. आवाज बनायला वेळ लागतो, असं म्हणते. तो मान हलवतो. प्रितेशने कमीत कमी तीनशे वाक्यं हवीत म्हटलं. आमच्या जोएलच्या लग्नाचा व्हिडिओ पाठवून बघितला, त्यात बँडच आहे. चर्चमधलं रेकॉर्डिंग पाठवलं, त्यात लाउडस्पीकर घुमतो. बत्तीस वर्षं रविवारचं बायबलचं पहिलं वाचन ऑस्टिनने केलं, आणि त्यातलं एक वाक्य कामाला येत नाही. आता तो शेवटच्या बाकावर बसतो. सगळे 'आमेन' म्हणतात तेव्हा बुटांकडे बघतो.

आपल्या शाळेतली सुरुची भेटली होती. म्हणाली, तू गेल्या सोमवारी विरार स्टेशनबाहेर दिसलीस. मी म्हटलं शक्य नाही, जयवंती आली असती तर आधी माझ्याकडे आली असती.

गिलावा झाला असेल तर खोका काढ. आता तेवढाच आधार उरला आहे.

मेरी


कुडाळ
२ एप्रिल २०२५

प्रिय मेरी,

माळ्यावर खोका नाही. नव्हताच.

आठ जानेवारीला संध्याकाळी तू फोनवर म्हणालीस, 'सगळं उतरलं, आता तुझ्याकडचं काढून टाकलंस तरी चालेल.' मी दुसऱ्याच दिवशी डिस्क पुसली आणि कॉम्प्युटर विरारला जुन्या मालाच्या दुकानात देऊन टाकला. सामानाच्या टेम्पोत जागा नव्हती. तुझं फेब्रुवारीचं पत्र मी दोनदा वाचलं. वाटलं, मेरीला आत्ता कशाला घाबरवायचं, आधी शोधून बघू. म्हणून माळा, खोका, गिलावा, सगळं रचलं.

सुरुचीने पाहिली ती मीच. दुकानदाराने कॉम्प्युटरला नवीन डिस्क घातली होती, जुनी इतर डिस्कांबरोबर पोत्यात टाकलेली. निम्मं पोतं आधीच भंगारात गेलं होतं. उरलेल्या मी एकेक हातात घेऊन बघितल्या. सगळ्या सारख्याच दिसतात. त्याने विचारलं, "काय होतं मॅडम त्यात? फोटो?"

मी म्हटलं, "एका माणसाचं बोलणं होतं."

"मग त्यांना परत बोलायला सांगा ना," तो म्हणाला. चांगल्या मनानेच म्हणाला.

तिथून वसईला आले, उमेळ्याच्या बसमध्ये बसले. कंडक्टर तिकीट काढायला आला तशी उतरले. भाऊजी दारात बसलेले असणार, आणि मला बघून काहीतरी लिहून दाखवणार. ते वाचायची माझी छाती झाली नाही.

अजून एक आहे, तेही लिहिते. फायलींना मशीन आपणहून आकडे देत होतं. मला ते कोरडं वाटलं. तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात फायलींवर नावं घालण्यात गेली, तीच खोड. रोज तुम्ही दोघं गेल्यावर मी बसून एकेक वाक्य नाव म्हणून टाईप करायचे. प्रितेशशी बोलले. तो म्हणाला, ती मराठी नावं झिपमध्ये चुकीची नोंदली गेली असतील. दिसायला नीट दिसतात, पण कॉपी करताना कॉम्प्युटर त्या नावाची फाईल आत शोधतो आणि त्याला ती सापडत नाही. मग बाहेर नुसतं नाव ठेवतो. आकडे राहू दिले असते तर कदाचित सगळं उतरलं असतं.

मला क्षमा कर असं लिहायलाही जड जातंय.

जयवंती


उमेळे
९ एप्रिल २०२५

जयवंती,

पत्र मिळालं. पाच आठवडे मी त्या खोक्यावर जगले. सकाळी उठल्यावर पहिला विचार तो, कुडाळला माळ्यावर एक खोका आहे. तू मला फेब्रुवारीतच खरं सांगितलं असतंस तर मी तेव्हाच रडून मोकळी झाले असते.

आणि तू बसमधून उतरलीस. मला उतरता येत नाही. मी रोज त्याच्यासमोर बसते आणि रोज सांगते, बनतोय, वेळ लागतो.

रविवारी झावळ्यांचा रविवार आहे. मिरवणुकीत सगळे गाणार, आणि मी त्याच्या शेजारी चालणार. गायचं की नाही, हेच मला कळत नाही.

तू लिहू नकोस. काही दिवस मला कुणाचं पत्र नको.

मेरी


उमेळे
१५ मे २०२५

सौ. जयवंतीबाई यांस,
ऑस्टिनचा नमस्कार.

माझं पत्र बघून घाबरू नका, मेरी ठीक आहे. तुमची पत्रं तिने तांदळाच्या डब्यात ठेवली होती. हल्ली भात मी लावतो. ते तिच्या लक्षात राहिलं नाही. मी वाचली. दुसऱ्याची पत्रं वाचणं पाप आहे, ते मी फादरना लिहून दिलं आहे.

पण पत्रं वाचून मला नवीन काही कळलं नाही. मला पवित्र आठवड्यातच कळलं होतं. मेरी बाजाराला गेली होती. कॉम्प्युटर चालू राहिला होता आणि फोल्डर समोरच होतं. मी पहिलं नाव दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं. पाच-सहा झाल्यावर मला समजलं, मी काही वेडा नाही. तरी मी सगळी दाबली. दोन दिवस लागले, ती बाहेर जाईल तेवढ्या वेळात. नाव वाचायचो, तोंड आपोआप हलायचं, मग दाबायचो. शेवटचं दाबलं तेव्हा गुड फ्रायडेची दुपार होती. आम्ही त्या दिवशी घंटा वाजवत नाही.

तुम्ही नावाचं मनाला लावून घेतलं आहे. तुम्ही नावं घातली म्हणून मी काय काय बोललो होतो ते तरी मला कळलं. फक्त एक सांगतो. तुम्ही 'पाणी दे' लिहिलं आहे. मी 'पानी दे' म्हटलं होतं. तुम्ही तेव्हा हसला होता आणि म्हणाला होता, 'भाऊजी, तुमचंच राहू द्या.' टॅबमध्ये आयता आवाज आहे तो 'पाणी' म्हणतो. बातम्या देणाऱ्या माणसासारखा. त्याच्याकडून मी मेरीला हाक कशी मारू?

मेरीला मी सांगितलेलं नाही की मला ठाऊक आहे. ती मला सांगते, बनतोय. मी मान हलवतो. आधी वाटलं, ती आपण होऊन सांगेल. आता एक महिना झाला. आणि आता तर ती बोलायचीच थांबली आहे. मला उत्तर देता येत नाही म्हणून ती प्रश्न विचारत नाही. मग हळूहळू बाकीचंही सोडलं. शेजारी आले तर त्यांच्याशी खुणेने बोलते. परवा मांजराला हाकलताना तिचा आवाज ऐकला आणि मला बरं वाटलं. घरात दोन मुकी माणसं आहेत, त्यातल्या एकाचंच ऑपरेशन झालं आहे.

माझं एक काम करा. पेनड्राइव्ह या पाकिटात घातला आहे. वरची स्कॅनची चित्रं गेली तरी हरकत नाही. खाली काही राहिलं असेल तर प्रितेशला बघायला सांगा. मला फोन करता येत नाही, म्हणून तुम्हाला त्रास. उत्तर घरी टाकू नका. युजीनच्या सायकल दुकानाच्या पत्त्यावर टाका, तो मला आणून देईल.

आपला,
ऑस्टिन


कुडाळ
२ जून २०२५

ती. ऑस्टिनभाऊजी यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दादालाही दाखवलं नाही. पेनड्राइव्ह घेऊन मी स्वतः पुण्याला गेले. कुरिअरवर माझा भरवसा राहिलेला नाही. प्रितेश तिशीचा मुलगा आहे, समजूतदार. नऊ दिवस तो त्याच्या मागे होता.

स्कॅनच्या चित्रांखाली झिपचा सुरुवातीचा थोडा भाग शिल्लक होता. त्यातून अकरा वाक्यं निघाली. स्वच्छ निघाली, तुमचा श्वाससुद्धा ऐकू येतो. अकरा वाक्यांवरून आवाज बनत नाही. प्रितेशने मला ते तीनदा समजावलं, कारण मी तीनदा विचारलं.

आणि भाऊजी, ती तुमची वाक्यं नाहीत. पहिली शंभर वाक्यं संस्थेने छापून दिली होती, सगळ्यांना तीच. हवा, बस, बाजार, असली. मेरीची, जोएलची, मिस्साची वाक्यं आपण नंतर आपल्या मनाने घातली. त्यातलं एकही उरलं नाही.

ती अकरा मी मोबाईलवर पाठवू का? तुम्ही म्हणाल तसं करते. पण त्याआधी मेरीला सांगा. तिने मला लिहायची बंदी केली आहे, नाहीतर मीच लिहिलं असतं. तुम्ही दोघं एकमेकांना जपता आहात आणि त्यात दोघंही खंगताय. हे सांगायचा मला अधिकार नाही, तरी सांगते.

तुमची,
जयवंती


उमेळे
१९ जून २०२५

प्रिय जयवंती,

ऑस्टिनने मला सांगितलं. म्हणजे, तुझं पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि बाहेर जाऊन बसला. वाचून झाल्यावर मी गेले. म्हटलं, "कधीपासून?" त्याने वहीत लिहिलं, 'गुड फ्रायडे.' मला इतका राग आला. दोन महिने मी खोटं बोलत होते आणि तो ते बघत होता. मी ओरडले. खूप ओरडले. शेजारची ज्युलिएट धावत आली. ऑस्टिनने तिला हाताने खुणावलं, असू दे, असू दे. मग मी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तो रडतो तेव्हा त्याच्या गळ्यातल्या भोकातून फक्त हवा येते. मला ते ठाऊक नव्हतं. माझ्यासमोर तो आजवर रडलाच नव्हता.

तुलाही एक सांगायचं राहिलं आहे. आठ जानेवारीला फायली ओढल्या तेव्हा हिरव्या पट्टीच्या आधी एक चौकोन आला होता. 'कॉपी करता आली नाही' असं काहीतरी होतं. खाली दोन-तीन बटणं. टॅक्सी फाटकाशी उभी होती आणि ऑस्टिन हाका मारत होता, "मेरी, चल, उशीर होतोय." मी न वाचता 'सगळ्या वगळा' दाबलं. चौकोन गेला. मला वाटलं, मिटलं. तू पुसलंस ते माझ्या शब्दावर, आणि माझा शब्द असा होता. एप्रिलमध्ये तुला एवढं बोलले तेव्हाही हे माझ्या पोटात होतं. मी तुझ्यावर चिडले कारण चिडायला तूच होतीस.

त्याने मेसेज करून मागितली तशी ती अकरा वाक्यं तू शुक्रवारी पाठवलीस. ऑस्टिनने मला सांगितलं नाही, की आली. मी स्वयंपाकघरात ओट्याशी सुकट निवडत होते, पाठ त्याच्याकडे. आणि मागून तो म्हणाला, "बस किती वाजता सुटते?"

जयवंती, मी वळलेसुद्धा नाही. सुकट निवडता निवडता म्हटलं, "साडेदहाला. का रे, कुठे जायचंय?"

मग हात थांबला.

वळले तर तो दारात उभा होता, मोबाईल छातीशी धरून. त्याचा चेहरा मी सांगू शकत नाही. त्याने पुन्हा दाबलं. "बस किती वाजता सुटते?" तोच सूर, शेवटचा 'ते' जरा वर जातो तो. आणि मला सगळं ठाऊक असून माझं तोंड उघडलंच. मी पुन्हा म्हटलं, "साडेदहाला." तो काही बोलेल म्हणून मी थांबले. तो पुढचं बोलला नाही. पुढचं तिथे नव्हतं.

मी म्हटलं, "अजून एकदा लाव." त्याने मान हलवली, नाही. मी मोबाईल मागितला तर दिला नाही. अकराही तिथल्या तिथे पुसून टाकली आणि खुर्चीत बसला. मग वही ओढून त्याने लिहिलं आणि माझ्यासमोर सरकवली.

'परत मागवू नकोस. तू उत्तर देतेस, आणि माझ्याकडे पुढचं नसतं.'

तुझी,
मेरी